वेंबीशेजारी यानिस हवा, पण कोणाला देऊन?

पार्कचौक | २१ नोव्हेंबर २०२५, २२.४०

दिवाळीचा फराळ संपला तसा आमच्या ग्रुपवर एकच विषय उरलाय. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या मिलवॉकी संघात यानिस आन्तेतोकुंपोचं मन रमत नाही अशा बातम्या उन्हाळ्यापासून फिरताहेत, तर आपल्या स्पर्सनी त्याला उचलावा. आपले म्हणजे सॅन अँटोनियोचे. सोलापुरात बसून ‘आपले’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रुपवरच्या विद्वानांचं समीकरण असं: स्टीफन कॅसल, डिलन हार्पर, पगार जुळवायला डेव्हिन वासेल, आणि वर पहिल्या फेरीचे चार-पाच पिक. बदल्यात यानिस. मग एका बाजूला आपला वेंबी, म्हणजे व्हिक्टर वेंबान्यामा, दुसऱ्या बाजूला यानिस, बास्केटपर्यंत पोचायची कोणाची टाप आहे?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. एनबीएत नुसते पैसे मोजून दुसऱ्याचा खेळाडू आणता येत नाही. खेळाडूला खेळाडू द्यायचा, दोन्हीकडचे पगार नियमात बसवायचे आणि राहिलेला हिशेब पुढच्या ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) निवडीच्या हक्कांनी, म्हणजे पिकनी, भागवायचा. कॅसल हा २०२४ च्या ड्राफ्टमधला चौथा आणि गेल्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित. हार्पर यंदाच्या ड्राफ्टमधला दुसरा. एक एकवीस वर्षांचा, दुसरा एकोणीस. यानिस ६ डिसेंबरला एकतिसाचा होईल. दोनदा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू), २०२१ चा विजेता, अंतिम लढतीच्या शेवटच्या सामन्यात ५० गुण. त्याच्या मोठेपणाबद्दल वाद घालायला हा धागा नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यानिस जरूर घ्यावा, पण कॅसल आणि हार्पर दोघंही देऊन नाही. काय दिलं आणि काय आलं हे सगळेच बघतात. मी बघतो, मागं काय उरलं.

२००७ च्या जुलैत बॉस्टननं केव्हिन गार्नेटसाठी अल जेफरसन धरून पाच खेळाडू आणि दोन पिक दिले. एका माणसाला सात! पण घरात पॉल पिअर्स होताच, महिनाभर आधी रे अॅलन आणून ठेवला होता, आणि राजन राँडो व केंड्रिक पर्किन्स या पोरांना त्यांनी हात लावू दिला नाही. आदल्या मोसमात २४ विजय, त्या मोसमात ६६ आणि चषक. आता २०११ ची फेब्रुवारी घ्या. न्यूयॉर्कच्या निक्सनी कार्मेलो अँथनीसाठी गॅलिनारी, चँडलर, फेल्टन, मॉझगॉव्ह, सगळा चालता संघ उचलून डेन्व्हरला दिला. कार्मेलो काय साधा खेळाडू होता? तरी पहिल्याच फेरीत त्याच बॉस्टननं ४-० नं घरी पाठवलं. आणि तो तसाही उन्हाळ्यात करारमुक्त होणार होता. चार महिने दम धरला असता तर कदाचित फुकट आला असता.

गार्नेट आणि कार्मेलो यांच्यात फरक होताच. पण त्यांच्या शेजारी जे चौघं उभे राहिले, त्यांच्यातला फरक मला जास्त मोठा वाटतो.

पहाटे साडेपाचचे गजर लावणाऱ्यांनो, बोला.

वेंकी_साखरपेठ | २१ नोव्हेंबर, २२.५८

काय बे पार्कचौक, ग्रुपवर हरलास म्हणून हितं आलास होय?

साधं गणित ऐक. क्रिकेटात अकरा, कबड्डीत सात, बास्केटबॉलात पाच. त्या पाचातला एक ४८ मिनिटांपैकी ३५-३६ मिनिटं मैदानावर, हल्ल्यालाही तोच आणि बचावालाही तोच. दुसऱ्या कुठल्या सांघिक खेळात एक माणूस एवढा पुरतो? म्हणून तर या खेळात चार चांगले मिळून एक भारी होत नाही. चार चांगल्यांना मैदानावर जागा चार लागतात, भारी माणसाला एकच.

आणि पोरांचं म्हणशील तर २०१९ ला लेकर्सनी अँथनी डेव्हिससाठी इंग्रॅम, लोंझो बॉल, जॉश हार्ट आणि पिकचा ढीग दिला. तेव्हा पण लोक हेच रडत होते, इंग्रॅम एकवीसचा आहे, उद्याचा ड्युरंट आहे. २०२० ला चषक आला. आज कोण रडतंय सांग की.

कॅसल चांगलाय, मान्य. पण गेल्या मोसमात त्याचे तीन गुणांचे शंभरातले तीस पण पडले नाहीत. वेंबीच्या शेजारी फेकता न येणारा माणूस ठेवून करायचं काय?

खेकडा | २१ नोव्हेंबर, २३.०५

खुर्ची टाकून बसलोय. शेंगा कोण आणतंय?

कडकभाकरी | २१ नोव्हेंबर, २३.२१

मला यातलं ओ की ठो कळत नाही. मुलगी शाळेच्या संघात आहे, ती पहाटे उठून बघते म्हणून मीही वाचतेय. एक सांगा, पिक देतात म्हणजे जो खेळाडू अजून कोणी निवडलेलाच नाही, तो देतात? आणि समोरचा घेतो?

मृण्मयी_क | २१ नोव्हेंबर, २३.४४

घेतो आणि वर घासाघीस करतो, ताई. सात वर्षं पुढचे पिक देता येतात. २०३२ चा पिक आज दिला तर त्यातून निवडला जाणारा मुलगा सध्या सातवीत वगैरे असेल. तुमच्या मुलीच्या वर्गातला समजा.

एक लगाम आहे. लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक एकदम देऊन टाकता येत नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी इतके पिक वाटले की लीगला त्यांच्या नावानं नियमच करावा लागला.

हा नियम पाळूनही बुडता येतं. २०१३ ला ब्रुकलिननं म्हातारपणाकडं झुकलेले गार्नेट आणि पिअर्स आणले आणि बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक दिले, २०१७ चा बदलून घ्यायचा हक्कही दिला. ब्रुकलिन दोन-तीन वर्षांत ढेपाळलं, आणि हरणाऱ्याचा पिक वरचा असतो, त्यामुळे ते पिक वर वर सरकत गेले. २०१६ चा झाला जेलन ब्राउन. २०१७ चा तर पहिल्या क्रमांकाचा निघाला. तो बॉस्टननं तिसऱ्याशी बदलला आणि जेसन टेटम घेतला. २०२४ चा चषक या दोघांनी आणला. म्हणजे ब्रुकलिनच्या घाईवर बॉस्टन अकरा वर्षांनी जेवलं.

पार्कचौक, पगाराचा हिशेब उद्या टाकते. तुमच्या ग्रुपचं समीकरण अर्धवट आहे.

इम्रान_विजापूरवेस | २२ नोव्हेंबर, ००.१०

क्लिपर्सचा चाहता बोलतोय. हसून घ्या आधी.

२०१९ चा जुलै. क्वाय लेनर्ड यायला तयार, पण अट एक, पॉल जॉर्जला पण आणा. आमच्याकडं पहिला मोसम नुकताच संपवलेला एक सडपातळ पोरगा होता. क्लिपर्सनी ओक्लाहोमाला तो दिला, गॅलिनारी दिला, पहिल्या फेरीचे पाच पिक दिले आणि दोन अदलाबदलीचे हक्क दिले. त्या आठवड्यात सगळ्या दुनियेनं वाहवा केली. एका दगडात दोन स्टार!

तो पोरगा म्हणजे शे गिल्जस-अलेक्झांडर. यंदाचा एमव्हीपी, अंतिम लढतीचा पण एमव्हीपी, आणि ओक्लाहोमाचा संघ थंडर चॅम्पियन. थांबा, अजून आहे. त्या पाच पिकपैकी एक २०२२ ला बाराव्या क्रमांकावर आला आणि त्यातून जेलन विल्यम्स निघाला. अंतिम लढतीच्या पाचव्या सामन्यात त्यानं ४० मारले. म्हणजे एका चॅम्पियन संघाचे दोन खांब आमच्या अंगणातले.

आमच्या पदरात काय? २०२० ला डेन्व्हरविरुद्ध ३-१ ची आघाडी घालवली. २०२१ ला पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनल (म्हणजे लीगची उपांत्य लढत), ती पण क्वायचा गुडघा गेल्यावर. २०२४ ला जॉर्ज फिलाडेल्फियाला निघून गेला, बदल्यात छदाम नाही.

वेंकीभाई, तुमचं पाच माणसांचं गणित बरोबर आहे. पण त्या पाचातला जो भारी माणूस आहे तो तुमच्याच घरात एकोणीस वर्षांचा बसलेला असेल तर?

वेंकी_साखरपेठ | २२ नोव्हेंबर, ००.१९

इम्रान, दहा पोरांतला एक शे निघतो. बाकीच्या नऊ जणांची नावं तुला तरी आठवतात का?

हुरडापार्टी | २२ नोव्हेंबर, ०७.५०

सगळे चषकाचंच बोलताय. ज्यांना चषक स्वप्नातही दिसत नाही त्यांचं काय?

सॅक्रामेंटो. सोळा मोसम प्लेऑफ नाही, लीगच्या इतिहासात एवढा दुष्काळ कोणाचा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला दिला आणि तयार ऑल-स्टार डोमांटास सबोनिस आणला. पोरगा लाडका होता, लोक चिडले. पुढच्या मोसमात ४८ विजय, प्लेऑफ, प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आभाळात जांभळा झोत. गोल्डन स्टेटशी सातव्या सामन्यापर्यंत भांडले.

आता कोणी म्हणेल, हॅलिबर्टननं इंडियानाला २०२५ च्या अंतिम फेरीत नेलं आणि सॅक्रामेंटो पुन्हा होतं तिथंच आलं. खरंय. पण २००६ ला प्लेऑफ बघितलेला बाप २०२३ ला आपल्या कॉलेजातल्या पोराला घेऊन मैदानात गेला असेल, त्याला विचारा हा सौदा तोट्याचा का. मी तरी त्याला तोट्याचा म्हणणार नाही.

स्पर्सचं तसं नाही, हेही सांगतो. १९९९, २००३, २००५, २००७, २०१४. पाच चषक घरात असणाऱ्यांनी घाई करू नये.

मृण्मयी_क | २२ नोव्हेंबर, ११.३०

हं, पगार. (आज शनिवार, ऑडिट नाही, म्हणून मोठा प्रतिसाद.)

यंदाची (२०२५-२६) सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५ कोटी ४६ लाख डॉलर. यानिसचा यंदाचा पगार ५ कोटी ४१ लाख, म्हणजे एकटाच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आता आपली बाजू. वासेल २ कोटी ७० लाख, हॅरिसन बार्न्स १ कोटी ९० लाख, जेरमी सोहान ७० लाखांच्या घरात. तिघं मिळून ५ कोटी ३० लाख होतात. केल्डन जॉन्सन वेगळाच. म्हणजे पगार जुळवायला कॅसल-हार्पर लागतच नाहीत. ते लागतात मिलवॉकीचं मन जुळवायला.

आणि इथंच मला पोरांची खरी किंमत दिसते. दोघंही नवोदित करारावर, म्हणजे ड्राफ्टनंतरच्या पहिल्या, स्वस्तातल्या करारावर आहेत. कॅसल कोटीभरालाही महाग नाही, हार्पर सव्वा कोटीच्या आसपास. कॅसलचा करार २०२७-२८ पर्यंत चालू शकतो, हार्परचा त्याच्या पुढं एक वर्ष. वेंबीचा स्वस्तातला करार मात्र २०२६-२७ ला संपतो. २०२७-२८ पासून त्याला कमाल रक्कम मोजावी लागणार, त्यात दुमत नाही. आपला गार्ड डीअॅरन फॉक्स, त्याच्या कराराची वाढीव मुदत पुढच्या मोसमात सुरू होते, चार वर्षांना २२ कोटी ९० लाख. यानिसनं २०२७-२८ चा पर्याय घेतला तर त्याचे सहा कोटींच्या वर. तिघांच्या पगारात कॅपचा बहुतेक सगळा भाग गेला. उरलेल्या बारा जणांना काय, कडक भाकरी? (ताई, आयडीवरून नाही हो.)

‘मालक श्रीमंत आहे, भरेल दंड’ असं वेंकी म्हणेल. पूर्वी चालायचं. २०२३ च्या नव्या करारानं सेकंड एप्रन नावाची रेघ आणली, यंदा ती २० कोटी ७८ लाखांवर आहे. ती ओलांडली की दंड बाजूलाच राहिला, हातपाय बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. दिला त्याहून जास्त पगार परत घेता येत नाही. सात वर्षं पुढचा पिक गोठतो. बॉस्टन २०२४ चं चॅम्पियन, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांना जरू हॉलिडे पोर्टलँडला आणि पोरझिंगिस अटलांटाला द्यावा लागला. वाईट खेळले म्हणून नाही, त्या रेघेखाली यायचं होतं म्हणून.

गार्नेटचा २००७ चा सौदा आजच्या नियमांत किती दिवस टिकला असता, मला शंका आहे. पूर्वी तीन तारे घेऊन बाकीचे स्वस्तात गोळा करता यायचे. आता स्वस्तातले चांगले हेच सगळ्यात महाग झालेत. थंडर ६८ सामने जिंकले ते एकट्या शेच्या जोरावर नाही, नवव्या-दहाव्या माणसालाही बचाव येत होता म्हणून.

खेकडा | २२ नोव्हेंबर, ११.४१

ताई, एवढं तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पण कोणी समजावून सांगत नाही.

रच्याकने, लांब कशाला जाता. आठवडाच झाला, राजस्थाननं संजू सॅमसन चेन्नईला दिला आणि जडेजा व सॅम करन घेतले. २०१२ पासूनचा पिवळा जडेजा! माझा भाऊ दोन दिवस जेवला नाही नीट. आणि मुंबईनं हार्दिक आणला तेव्हा तर कोणाला द्यावंही लागलं नव्हतं, पैशात काम झालं. तरी २०२४ ला दहावे. दहापैकी दहावे!

टोरांटोकर_मूळ_सोलापूर | २२ नोव्हेंबर, १९.१५

मी उत्तर कसब्यातला, गेली बरीच वर्षं टोरांटोत. या विषयावर गप्प बसणं मला शक्य नाही.

डिमार डिरोझन इथं नऊ मोसम खेळला. मोठे खेळाडू टोरांटोत थांबत नाहीत, थंडीला आणि सीमेपलीकडच्या कराला कंटाळून जातात, अशी रड होती. हा थांबला. काइल लाऊरी त्याचा जिवलग. पण दर वर्षी लेब्रॉन आडवा यायचा. २०१६, २०१७, २०१८, तिन्ही वेळा क्लीव्हलँडनं बाहेर काढलं, शेवटच्या दोन्ही वेळा ४-० नं. गावाला लोक चेष्टेनं ‘लेब्रॉन्टो’ म्हणायला लागले.

१८ जुलै २०१८ ला डिरोझन गेला. क्वाय आणि डॅनी ग्रीन आले. लक्षात घ्या, आदल्या मोसमात क्वाय जेमतेम नऊ सामने खेळला होता आणि त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं. ऑफिसात लोक खरोखर शिव्या देत होते.

१२ मे २०१९, फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, ९०-९०. क्वाय उजवीकडच्या कोपऱ्याकडं पळत गेला, एम्बीडच्या लांब हातावरून चेंडू उडवला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. रिंगवर एकदा आपटला, पुन्हा, पलीकडच्या काठावर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि मग आत. आमच्या घरात चौथ्या टप्प्यापर्यंत कोणी श्वास घेतला नव्हता. महिनाभरात चषक आला. जुलै उजाडला तसा क्वाय क्लिपर्सकडं गेला. (इम्रानभाई, नमस्कार.)

एका वर्षाचा पाहुणा. तरी इथं एकही माणूस भेटला नाही जो म्हणेल की नको होता.

पण पार्कचौक यांचा मुद्दा मला पटतो तो याचसाठी. डिरोझन गेला, पोएल्टल गेला, एक पिक गेला, बस. लाऊरी राहिला. सियाकम राहिला, जो २०१६ ला सत्ताविसावा निवडला होता. व्हॅनव्हलीट राहिला, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता. अंतिम लढतीत गोल्डन स्टेटच्या कर्रीच्या मागं सावलीसारखा हाच बुटका फिरत होता. सियाकम आणि व्हॅनव्हलीट देऊन क्वाय आणला असता तर तो चेंडू रिंगवर आपटायची वेळच आली नसती.

वेंकी_साखरपेठ | २२ नोव्हेंबर, १९.३२

मालक, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. सगळ्यात लाडका माणूस दिला आणि चषक आणला!

टोरांटोकर_मूळ_सोलापूर | २२ नोव्हेंबर, १९.४०

लाडका दिला, वाढता नाही दिला. डिरोझन २८ चा होता, जेवढा व्हायचा तेवढा झाला होता. कॅसल-हार्पर कुठवर जातील हे तुम्हाला माहीत आहे का?

निवृत्त_शिट्टी | २३ नोव्हेंबर, ०६.२०

मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, बरीच वर्षं पंचगिरी केली. एनबीएचे पगार मला कळत नाहीत, पण हा प्रकार मी आपल्याकडं डोळ्यांनी बघितला आहे.

एका खुल्या स्पर्धेत गावातल्याच पोरांचा संघ होता, शाळेपासून एकत्र खेळलेला. उपांत्य फेरीआधी त्यांच्या पाठीराख्यानं पुण्याहून एक राज्य पातळीवरचा पाहुणा आणला. त्याच्यासाठी ज्या पोराला बसवलं तो दिसायला सामान्य, गुण कधी मोठे नाहीत. त्याचं काम एवढंच, गार्ड चेंडू घेऊन आला की त्याच्या बाजूला जाऊन पाय रोवून उभं राहायचं, स्क्रीन द्यायचा, खांद्यावर धक्का घ्यायचा आणि लगेच वळून रिंगखाली रिबाउंडला. कागदावर यातलं काही लिहिलं जात नाही.

पाहुणा खरोखर उत्तम होता. पहिल्या अर्ध्यात सिमेंटच्या कोर्टावर असा खेळला की पलीकडच्या गच्चीवरची माणसं टाळ्या देत होती. डावीकडं चेंडू घ्यायचा आणि एकटा जायचा. बाकीचे चौघं? उभे. हात गुडघ्यावर ठेवून बघत उभे. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी त्याच्यावर दोन माणसं सोडली. त्यानं योग्य तेच केलं, कोपऱ्यातल्या मोकळ्या पोराला पास दिला. त्या पोराच्या हाताला बराच वेळ चेंडू लागला नव्हता. हात थंड पडलेले. शॉट रिंगलाही लागला नाही. पुढच्या वेळी त्यानं फेकलाच नाही, चेंडू परत पाहुण्याला दिला.

पाहुण्याचा दोष शून्य. त्याच्यासाठी स्क्रीन देणारा बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता.

पार्कचौक | २३ नोव्हेंबर, ०९.०५

सर, नमस्कार. मला जे सांगायचं होतं ते तुम्ही एका बसवलेल्या पोरावरून सांगितलंत.

ही गोष्ट एनबीएत घडलेलीच आहे. २०२१ च्या जानेवारीत ब्रुकलिननं हार्डनसाठी जॅरेट अॅलन आणि कॅरिस लव्हर्ट दिले, पिक तर सगळेच दिले. ड्युरंट, आयर्विंग, हार्डन, कागदावर याहून भयंकर हल्ला कोणी पाहिला नव्हता. तिघं एकत्र किती सामने खेळले? सोळा. वर्षभरात हार्डन फिलाडेल्फियाला. जॅरेट अॅलन, म्हणजे सरांच्या गोष्टीतला पाय रोवणारा, क्लीव्हलँडमध्ये ऑल-स्टार झाला.

फीनिक्सनंही तेच केलं. २०२३ ला ड्युरंटसाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि चार पिक दिले. २०२४-२५ ला ३६ विजय, प्लेऑफसुद्धा नाही, आणि ड्युरंट ह्यूस्टनला.

उलट स्पर्सनी यंदाच फेब्रुवारीत फॉक्स कसा आणला बघा. झॅक कॉलिन्स, ट्रे जोन्स आणि पिक दिले. कॅसल, वासेल, सोहान, केल्डन जागच्या जागी. याला म्हणतात सौदा.

आणि मी ‘घरची पोरं देऊच नका’ म्हणणाऱ्यातला नाही, वेंकी. २०११ ला स्पर्सनी प्रशिक्षक पॉपोविचचा लाडका जॉर्ज हिल देऊन ड्राफ्टच्या रात्री एक पंधराव्या क्रमांकाचा अबोल पोरगा घेतला. तोच क्वाय. २०१४ च्या अंतिम लढतीचा एमव्हीपी.

कडकभाकरी | २३ नोव्हेंबर, १०.१२

मुलगी म्हणते, लुका डॉन्चिचचं कोणीच कसं बोललं नाही?

इम्रान_विजापूरवेस | २३ नोव्हेंबर, १०.२०

कारण दुखतं, ताई. डॅलसनं २०२४ ला अंतिम फेरी गाठली आणि यंदा फेब्रुवारीत २५ वर्षांचा लुका लेकर्सना देऊन ३१ चा अँथनी डेव्हिस घेतला. सोबत मॅक्स क्रिस्टी आणि एकच पिक. ज्यानं सौदा केला त्या निको हॅरिसनची याच महिन्यात गच्छंती झाली. मुलीला सांगा, इतका उलटा सौदा होता की त्याला या धाग्यात बसवायला जागा नाही. तिथं कणाही दिला आणि तारा पण दिला.

खेकडा | २३ नोव्हेंबर, १०.३५

कबड्डीवाल्यांचं पण ऐका. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणनं इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतला, पण अस्लम इनामदार आणि पोरांचा संघ मोडला नाही. चषक. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाला गेला, तिथं चषक. मग गुजरातला गेला, तिथं नाही. आणि त्याच्याशिवाय पलटण यंदा पुन्हा अंतिम फेरीत, दिल्लीकडून ३ गुणांनी हरले. आता यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी चहाला चाललो.

वेंकी_साखरपेठ | २३ नोव्हेंबर, १३.१८

बरं, जेवून शांत डोक्यानं लिहितोय. दोघं देणं जास्त होतंय, मान्य करतो. पण वेंबीची मला भीती वाटते बे. फेब्रुवारीत खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि मोसम संपला. सव्वासात फुटांच्या वर उंची, त्या शरीराची खात्री कोण देणार? ‘पोरं मोठी होऊ दे, २०२९ ला बघू’ म्हणायचं आणि तोवर तोच राहिला नाही तर? लिलार्ड एप्रिलमध्ये, टेटम मे मध्ये, हॅलिबर्टन जूनमध्ये अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात. तिघांचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला, तिघांच्या पाठीवर शून्य नंबर. दार उघडं असतं तेव्हाच आत जावं.

पार्कचौक, एकच नाव सांग. कोणाला देशील?

पार्कचौक | २३ नोव्हेंबर, १३.५०

हा मुद्दा मात्र वजनदार आहे. म्हणूनच मी ‘नको’ म्हणत नाहीये.

एकच नाव? हार्पर. फॉक्स असताना चेंडू हातात लागणारे तिघं होतात. कॅसल समोरच्याचा सगळ्यात अवघड गार्ड अंगावर घेतो, मागं वेंबी उभा असतो, ही जोडी मी मोडणार नाही. शॉट शिकता येतो, ती खुमखुमी शिकता येत नाही. माझी थाळी अशी: हार्पर, वासेल, बार्न्स, अटलांटाचा २०२७ चा पिक (डिजाँटे मरे दिला तेव्हाचा), आणि आपला एक.

वेंकी_साखरपेठ | २३ नोव्हेंबर, १३.५४

म्हणजे हार्पर देतोस! झालं की. दोन दिवस हेच म्हणत होतो मी.

पार्कचौक | २३ नोव्हेंबर, १३.५६

तू दोघं म्हणत होतास बे. वर जाऊन वाच.

मृण्मयी_क | २३ नोव्हेंबर, १६.०२

तुमची दिलजमाई मोडायला वाईट वाटतंय, पण मिलवॉकी ही थाळी परत पाठवेल.

त्यांच्या जागी बसून बघा. लिलार्डला आणताना त्यांनी पोर्टलँडला २०२९ चा पिक दिलाय, २०२८ आणि २०३० ची अदलाबदलही. मग लिलार्ड जखमी झाला, त्याचे ११ कोटींच्या वरचे पैसे पाच वर्षांत विभागून त्याला मोकळं केलं आणि माइल्स टर्नर घेतला. म्हणजे ते पैसे वर्षानुवर्षं त्यांच्या कॅपमध्ये दिसत राहणार. असा तारा गेल्यावर एखादा संघ हरून हरून चांगला पिक मिळवतो, तो रस्ता यांना अर्धा बंद आहे, कारण त्यांच्या हरण्याचा फायदा पोर्टलँडला. त्यांना २०२७ चा कागद नकोय, उद्या सकाळी मैदानात उतरणारी माणसं हवीत. म्हणून ते पहिल्याच फोनवर कॅसल आणि हार्पर दोघांची नावं घेणार.

मी जनरल मॅनेजर असते तर तिथंच फोन ठेवला असता.

वेंकी_साखरपेठ | २३ नोव्हेंबर, १६.१०

ठेवू नका, ताई, होल्डवर ठेवा. उन्हाळ्यात सह्या केलेले बरेचसे खेळाडू १५ डिसेंबरनंतरच देता येतात, खरा बाजार तेव्हाच उघडतो. आणि ५ फेब्रुवारीची मुदत म्हणजे आपल्याकडं ६ तारखेच्या पहाटे दीडला. धागा तोवर वर ठेवा, मी जागाच असणार आहे.